वर्तुळ किती मोठे काढावे? : बबल चार्टच्या इतिहासाचा एक अभ्यास

प्रस्तावना

आकडेवारी चित्ररूपाने मांडण्याच्या ज्या पद्धती आज महाविद्यालयीन अध्यापनात, वृत्तपत्रांत आणि शासकीय अहवालांत आढळतात, त्यांत बबल चार्ट म्हणजे बुडबुडे आलेख हा तुलनेने अलीकडचा समजला जातो. त्याची रचना सोपी आहे. आडव्या अक्षावर एक चल, उभ्या अक्षावर दुसरे चल आणि त्या दोहोंनी ठरवून दिलेल्या स्थानी एक वर्तुळ. वर्तुळाचा आकार तिसरे चल सांगतो. वर्तुळाला रंग दिला की चौथ्या चलाचीही सोय होते. दरडोई उत्पन्न, सरासरी आयुर्मान, लोकसंख्या आणि खंड अशा चार गोष्टी एका कागदावर एकाच वेळी दिसू शकतात. सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासकांना या आलेखाचे जे आकर्षण वाटते, ते यामुळेच.

तथापि या आलेखातील वर्तुळ हे त्याच्या अक्षांपेक्षा बरेच जुने आहे. सांख्यिकीय चित्रणात ते किमान सव्वादोनशे वर्षांपासून वापरात आहे आणि या काळात त्याच्यापुढे दोन प्रश्न सतत उभे राहिले आहेत. वर्तुळ किती मोठे काढावे, हा पहिला. ज्या संख्येवरून ते काढले ती संख्या कोठून आली, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर गणिताने आणि मानसशास्त्राने बऱ्याच अंशी दिले आहे. दुसऱ्याकडे मात्र आलेख काढणाऱ्यांचे आणि पाहणाऱ्यांचेही लक्ष फारसे गेलेले नाही. प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांच्या अनुषंगाने बबल चार्टच्या वाटचालीचा विचार केला आहे.

प्लेफेअरची वर्तुळे

स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या विल्यम प्लेफेअर (१७५९-१८२३) याच्याकडे आधुनिक आलेखविद्येचे जनकत्व दिले जाते. वाफेच्या इंजिनाशी ज्याचे नाव जोडले गेले आहे त्या जेम्स वॉटच्या हाताखाली त्याने आराखडे काढण्याचे काम केले होते. १७८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कमर्शियल अँड पोलिटिकल अ‍ॅटलास' या ग्रंथात त्याने व्यापाराचे आकडे रेषालेखांनी आणि एका ठिकाणी स्तंभालेखाने दाखविले. व्यवहारात त्याला फारसे यश लाभले नाही. पैशाच्या विवंचना त्याच्या पाठीशी कायम राहिल्या. त्याची कल्पकता मात्र आटली नाही.

१८०१ मध्ये त्याचे 'स्टॅटिस्टिकल ब्रेव्हिअरी' हे छोटेखानी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. युरोपातील प्रत्येक देश त्यात एका वर्तुळाने दाखविला आहे. वर्तुळाचे क्षेत्रफळ त्या देशाच्या भूभागाच्या प्रमाणात आहे. वर्तुळाच्या डाव्या बाजूस एक उभी रेषा असून तिची उंची दशलक्षांतील लोकसंख्या सांगते. उजव्या बाजूची उभी रेषा दशलक्ष पौंडांतील महसूल सांगते. दोन्ही रेषांची टोके तुटक रेषेने जोडलेली आहेत. सागरी सत्ता आणि केवळ जमिनीवरच्या सत्ता वेगवेगळ्या रंगांत रंगविल्या आहेत. तुर्की साम्राज्याचे वर्तुळ युरोप, आशिया आणि आफ्रिका यांतील भूभागांनुसार पाकळ्यांत विभागलेले असून, आज शाळकरी मुलांनाही परिचित असलेला वृत्तालेख छापील स्वरूपात प्रथम अवतरला तो येथेच.

या चित्रात आकार, रंग, दोन उंची आणि एक चढ अशा पाच गोष्टी एकत्र आल्या. परंतु वर्तुळांच्या स्थानाला अर्थ नव्हता. ती मोठ्याकडून लहानाकडे एका ओळीत मांडलेली होती. म्हणून प्लेफेअरच्या चित्राला बबल चार्ट म्हणता येत नाही. त्याचा तो पूर्वज होय.

तुटक रेषेचा मुद्दा अधिक तपासण्याजोगा आहे. बहुतेक देशांच्या बाबतीत ती रेषा उजवीकडे उतरते, ब्रिटनच्या बाबतीत ती चढते. ब्रिटिश जनतेवर करांचा बोजा अधिक आहे, हा प्लेफेअरचा निष्कर्ष वाचकाच्या डोळ्यात भरतो तो या चढामुळे. पण रेषा किती तिरकी दिसेल हे दोन उभ्या रेषांमधील अंतरावर अवलंबून असते आणि ते अंतर म्हणजे वर्तुळाचा व्यास. देशाचा भूभाग लहान असला की तीच तफावत अधिक तीव्र दिसते. शिवाय रेषा चढते की उतरते हेदेखील एक दशलक्ष माणसे आणि एक दशलक्ष पौंड यांना समान उंची देण्याच्या प्लेफेअरच्या निवडीवर ठरते. महसूल पौंडांऐवजी शिलिंगांत मोजला असता, तर चित्र पार पालटले असते. प्लेफेअरने फसवणूक केली असे म्हणण्यास आधार नाही. आपल्या चित्रातील भूमितीच आपल्या बाजूने साक्ष देत आहे, हे त्याच्या लक्षात आले नसावे.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या पुस्तकाचे आणखी एक महत्त्व आहे. हिंदुस्थानातील सत्ताधीशांचेही असेच चित्रण सोबत जोडले असल्याची नोंद त्याच्या मुखपृष्ठावरील लांबलचक शीर्षकात आहे. श्रीरंगपट्टणच्या लढाईत टिपू ४ मे १७९९ रोजी पडला होता आणि वसईचा तह ३१ डिसेंबर १८०२ रोजी व्हावयाचा होता. म्हणजे हे पुस्तक छापले जात होते तेव्हा मराठी राज्य ही हिंदुस्थानातील एक प्रमुख स्वतंत्र सत्ता होती. हिंदुस्थानातील राज्ये एकमेकांशेजारी ठेवून मोजण्याचा हा आलेखरूप प्रयत्न त्यामुळे आपल्या इतिहासाच्या एका नाजूक क्षणाशी जोडला गेला आहे.

पण मोजले कशावरून? ब्रिटनची पहिली जनगणना १० मार्च १८०१ रोजी झाली. तत्पूर्वी खुद्द त्या देशातही लोकसंख्या किती यावर विद्वानांत वाद होता. हिंदुस्थानात काही ठिकाणच्या खानेसुमारीचे कागद होते, पण संपूर्ण प्रदेशाची गणना कोणी केलेली नव्हती. तेव्हा त्या काळात लोकसंख्येची जी उंची कोणी कागदावर काढली असती, ती अनुमानाचीच असती. ताम्रपटावर कोरलेल्या रेषेत मात्र अनुमान आणि गणना यांत फरक दिसत नाही. हा धागा पुढे पुन्हा हाती घ्यावा लागेल.

नकाशावरील वर्तुळे

एकोणिसाव्या शतकात प्रमाणबद्ध वर्तुळ नकाशावर गेले. आयर्लंडमधील रेल्वेमार्गांची आखणी करण्यासाठी नेमलेल्या आयोगासाठी हेन्री ड्ररी हार्नेस या लष्करी अभियंत्याने १८३७ मध्ये तयार केलेल्या नकाशांत शहरांची लोकसंख्या लहानमोठ्या वर्तुळांनी दाखविलेली आहे. हे नकाशे पुढे विस्मृतीत गेले आणि १९५५ मध्ये आर्थर रॉबिन्सन या भूगोलतज्ज्ञाने त्यांच्याकडे पुन्हा लक्ष वेधले. फ्रान्समध्ये शार्ल जोसेफ मिनार (१७८१-१८७०) याने १८५८ मध्ये पॅरिस शहराला कोणत्या प्रांतातून किती मांस पुरविले जाते याचा नकाशा काढला. प्रत्येक प्रांतावर एक वर्तुळ असून ते मांसाच्या प्रकारांनुसार विभागलेले आहे. आपल्याकडे भूगोल विषयाच्या प्रात्यक्षिक वहीत प्रमाणबद्ध वर्तुळे आणि विभाजित वर्तुळे काढणारा विद्यार्थी नकळत हार्नेस आणि मिनार यांचाच हात गिरवीत असतो.

अक्षांवर आलेले वर्तुळ

नकाशावर वर्तुळाचे स्थान भूगोल ठरवितो. ते स्थान दोन संख्यांनी ठरावे यासाठी विकीर्ण आलेखाची गरज होती. जॉन हर्शेल याने १८३० च्या दशकाच्या आरंभी जोडताऱ्यांच्या कक्षा शोधताना निरीक्षणांचे बिंदू अशा रीतीने मांडले, तर फ्रान्सिस गाल्टन याने १८८० च्या दशकात आईवडील आणि अपत्ये यांच्या उंचीच्या अभ्यासात या पद्धतीला सांख्यिकीत प्रतिष्ठा मिळवून दिली. तेथे प्रत्येक बिंदू हे एक निरीक्षण होते आणि सर्व निरीक्षणे समान मानावयाची होती.

देशांच्या तुलनेत मात्र ही समानता अडचणीची ठरते. सॅम्युअल प्रेस्टन या लोकसंख्याशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न आणि आयुर्मान यांचा संबंध दाखविणारा वक्र प्रसिद्ध केला. गरीब देशांत उत्पन्न थोडे वाढले तरी आयुर्मान झपाट्याने वाढते, श्रीमंत देशांत ती वाढ मंदावते आणि मुख्य म्हणजे हा वक्रच विसाव्या शतकात वर सरकत गेला, असे त्याने दाखविले. अशा आलेखात प्रत्येक देशाला सारखाच ठिपका दिला, तर कोट्यवधींचा भारत आणि काही लाखांचे एखादे बेट यांचे वजन सारखे होते. अँगस डीटन याने २००३ मध्ये हाच वक्र पुन्हा मांडताना ठिपक्यांच्या जागी लोकसंख्येच्या प्रमाणातील वर्तुळे काढली आणि चीन व भारत कोठे आहेत ते पाहिल्याशिवाय पुढे जाणे वाचकाला अशक्य करून ठेवले. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला हा बदल केवळ सजावटीचा वाटणार नाही. देश हे एकक मानावयाचे की माणूस, या प्रश्नाचे उत्तर त्यात दडलेले आहे.

दरम्यान व्यवस्थापनशास्त्रातही वर्तुळ आले होते. ब्रूस हेंडरसन याने १९७० मध्ये मांडलेल्या बाजारहिस्सा आणि वाढ यांच्या चौकटीत पुढे प्रत्येक व्यवसाय विक्रीच्या प्रमाणातील वर्तुळाने दाखविण्याचा प्रघात पडला. वाणिज्य शाखेच्या अनेक विद्यार्थ्यांना बबल चार्ट प्रथम भेटतो तो या चौकटीत. एक्सेल या स्प्रेडशीटच्या १९९७ च्या आवृत्तीत बबल चार्ट हा स्वतंत्र प्रकार म्हणून दाखल झाला आणि कंपास, वर्गमूळांची कोष्टके व खोडरबर यांची गरज संपली.

क्षेत्रफळ, त्रिज्या आणि डोळा

बबल चार्ट काढताना होणारी सर्वांत मोठी चूक येथे उदाहरणाने स्पष्ट करणे इष्ट ठरेल. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ आणि गोव्याची १४,५८,५४५ होती. गुणोत्तर सुमारे ७७. आता गोव्यासाठी २ मिलिमीटर त्रिज्येचे वर्तुळ घेतले, तर महाराष्ट्रासाठी किती त्रिज्या घ्यावी? संख्येच्या प्रमाणात त्रिज्या वाढविली तर उत्तर १५४ मिलिमीटर येते. तीस सेंटिमीटरहून अधिक व्यासाचे ते वर्तुळ ए-फोर आकाराच्या कागदावर मावतच नाही. त्याचे क्षेत्रफळ गोव्याच्या वर्तुळाच्या ७७ पट नव्हे, तर ७७ च्या वर्गाइतके म्हणजे जवळपास ५,९०० पट होते. वाचकाचा डोळा वर्तुळाचा पसारा पाहतो, त्रिज्या पाहत नाही. म्हणून गुणोत्तराचे वर्गमूळ घ्यावे लागते. ७७ चे वर्गमूळ सुमारे ८.८, तेव्हा त्रिज्या १७.६ मिलिमीटर आणि व्यास साडेतीन सेंटिमीटर. हे वर्तुळ कागदावर सुखाने बसते आणि खरेही असते. एक्सेलमध्ये आकार क्षेत्रफळाने दाखवावा की रुंदीने, असा पर्याय दिलेला आहे. मूळ योजना क्षेत्रफळाची आहे. चित्र अधिक ठसठशीत दिसावे म्हणून दुसरा पर्याय निवडण्याचा मोह ज्यांना होतो, त्यांनी वरील ५,९०० पट हा आकडा ध्यानात ठेवावा.

क्षेत्रफळ अचूक काढले तरी डोळा अचूक वाचतोच असे नाही. जेम्स फ्लॅनरी या नकाशातज्ज्ञाने केलेल्या प्रयोगांत वर्तुळांमधील फरक माणसे कमी लेखतात असे आढळले. त्याच्या १९७१ च्या लेखातील घातांक सुमारे ०.८७ होता. याचा अर्थ, दहापट क्षेत्रफळाचे वर्तुळ सरासरी माणसाला साडेसातपटच मोठे भासते. यावर उपाय म्हणून त्याने त्रिज्या काढताना ०.५ ऐवजी ०.५७ हा घातांक सुचविला. वरील उदाहरणात त्यामुळे महाराष्ट्राची त्रिज्या १७.६ वरून सुमारे २४ मिलिमीटर होईल. अनेक नकाशाकारांनी ही दुरुस्ती स्वीकारली, इतरांनी नाकारली. नाकारणाऱ्यांचे म्हणणे वजनदार आहे. फुगविलेले वर्तुळ एका वाचकाच्या डोळ्याला बरोबर वाटेल, पण पट्टी घेऊन मोजणाऱ्याला ते खोटे ठरेल. त्यापेक्षा शेजारी दोनतीन नमुना वर्तुळे त्यांच्या संख्यांसह काढावीत, हा मार्ग अधिक प्रामाणिक होय. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की, समान मोजपट्टीवरील स्थान माणूस सर्वांत अचूक वाचतो आणि क्षेत्रफळ त्या मानाने बरेच ढोबळ. यावरून बबल चार्टचा एक व्यावहारिक नियम निघतो. ज्या दोन चलांची नेमकी तुलना करावयाची ती अक्षांवर ठेवावीत. वर्तुळाकडे केवळ वजनाचे काम द्यावे.

उरलेल्या बाबी किरकोळ असल्या तरी विसरून चालणाऱ्या नाहीत. मोठी वर्तुळे आधी आणि लहान नंतर काढावीत, नाहीतर लहान झाकली जातात. रंग किंचित पारदर्शक असावा. शून्य किंवा ऋण संख्येला वर्तुळ नसते, तेव्हा तोटा किंवा घट दाखविण्यासाठी हा आलेख मुळात निवडूच नये.

रॉसलिंग आणि चालते वर्तुळ

बबल चार्टला लोकप्रियता मिळवून दिली ती स्वीडनमधील वैद्यकीय प्राध्यापक हान्स रॉसलिंग (१९४८-२०१७) यांनी. १९७२ मध्ये त्यांनी बंगळूर येथील सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले होते. वर्गातील भारतीय विद्यार्थी आपल्यापेक्षा किती तरी पुढे आहेत हे पाहून पाश्चात्त्यांच्या श्रेष्ठत्वाविषयीची आपली समजूत तेथेच ढासळली, असे ते सांगत. पुढे मोझांबिकमध्ये त्यांनी जिल्हा वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केले.

स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत शिकविताना त्यांनी विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली. देशांच्या पाच जोड्या देऊन कोणत्या देशात बालमृत्यूचे प्रमाण अधिक आहे, एवढेच विचारले होते. सरासरी १.८ उत्तरे बरोबर आली. डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी अडीच बरोबर आली असती. अज्ञानापेक्षा जुन्या समजुती अधिक घातक असतात, हा धडा त्यांनी यातून घेतला. मुलगा ओला आणि सून अ‍ॅना यांनी तयार केलेल्या ट्रेंडॅलायझर या संगणक कार्यक्रमात बबल चार्टला पाचवे चल जोडले गेले, ते म्हणजे काळ. वर्तुळे वर्षागणिक सरकू लागली. फेब्रुवारी २००६ मधील त्यांच्या व्याख्यानात आडव्या अक्षावर जननदर आणि उभ्या अक्षावर आयुर्मान होते. १९६२ मध्ये दोन कोपऱ्यांत विभागलेले जग दशकांमागून दशके एकत्र येताना श्रोत्यांनी पाहिले. मार्च २००७ मध्ये गुगलने हा कार्यक्रम विकत घेतला.

नोव्हेंबर २००९ मध्ये म्हैसूर येथे दिलेल्या व्याख्यानात त्यांनी भारत आणि चीन यांची वर्तुळे १८५८ पासून चालविली. शेवटी त्यांनी भारताचे एकसंध वर्तुळ फोडून राज्यांची लहान वर्तुळे केली. केरळ आरोग्यात खूप पुढे दिसला, मुंबईसह महाराष्ट्र उत्पन्नात पुढे सरकताना दिसला. त्याच वेळी भारतातील मोठी विषमता राज्याराज्यांपेक्षा राज्यांच्या आत आहे, असेही त्यांनी बजावले. वर्तुळ फोडण्याची ही कृती महत्त्वाची आहे. प्रत्येक बुडबुडा ही एक सरासरी असते आणि तो जितका मोठा तितके त्याच्या पोटात अधिक काही लपलेले असते. महाराष्ट्राची २०११ ची साक्षरता ८२.३ टक्के. याच एका वर्तुळात सुमारे ९० टक्क्यांचा मुंबई उपनगर जिल्हा आहे आणि सुमारे ६४ टक्क्यांचा नंदुरबारही.

चालत्या वर्तुळांवर टीकाही झाली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जॉर्ज रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, प्रेक्षकांना हालचाल आवडते, पण स्थिर चित्रांच्या तुलनेत ती पाहताना त्यांच्या चुका अधिक होतात. वर्गात शिकविणाऱ्याला याचे नवल वाटू नये. वक्ता बोट दाखवीत असतो तोवर सारे स्पष्ट असते. वक्ता गेला की डोळा कोणत्या वर्तुळामागे धावावा हे कळत नाही.

वर्तुळाची कडा

प्लेफेअरपाशी सोडलेला धागा येथे पुन्हा येतो. म्हैसूरच्या पडद्यावर १८५८ मधील भारताचे वर्तुळ जितके रेखीव होते तितकेच २००९ मधील होते. भारतातील पहिली जनगणना १८७२ च्या सुमारास झाली, तीही सर्वत्र एकाच वेळी नव्हे. देशभर एककालिक गणना सुरू झाली ती १८८१ पासून. १८५८ च्या वर्तुळाचा आकार मागाहून बांधलेल्या अंदाजातून आला होता, त्याच्या स्थानासाठी लागणारे आयुर्मान आणि उत्पन्न तर अधिकच. अभ्यासकांनी हे अंदाज कष्टाने आणि जबाबदारीने केलेले आहेत. पण स्तंभालेखावर त्रुटीची उभी खूण काढण्याची जी सोय आहे, तशी रूढ सोय वर्तुळाला नाही. मोजलेला माणूस आणि अंदाजलेला माणूस त्याच्या कडेत सारखाच मावतो.

हा प्रश्न केवळ गतकाळाचा नाही. भारताची २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये भारताची लोकसंख्या चीनहून अधिक झाली आणि जगाच्या बबल चार्टवरील सर्वांत मोठे वर्तुळ भारताचे झाले. ते वर्तुळ २०११ च्या गणनेवर जन्ममृत्यूचे आणि स्थलांतराचे अंदाज चढवून काढलेले होते. शिधावाटप, शाळांची संख्या, निधीचे वाटप अशा ज्या ज्या कामांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांचे आलेख काढले जातात, तेथे एक तर जुनी संख्या वापरावी लागली किंवा अंदाजलेली. एखाद्या स्थलांतरबहुल तालुक्यात या दोहोंतील फरक किती असेल, हे आलेखावरून कळण्याचा मार्ग नाही. पुढील जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली असून देशाच्या बहुतेक भागासाठी १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ तारीख ठरविण्यात आली आहे. तिचे आकडे हाती येईपर्यंत भारताचे वर्तुळ काढणाऱ्याने त्याची कडा तुटक रेषेने काढावी आणि नमुना वर्तुळांच्या शेजारी आधारभूत गणनेचे वर्ष लिहावे, एवढे तरी करता येण्याजोगे आहे.